कंपनी कागदावर, मालक पडद्याआड

शेल कंपनी म्हणजे काय? रजिस्ट्रारकडे नोंद आहे, पॅन आहे, बँकेत खातं आहे. पण कारखाना नाही, माल नाही, नोकर नाहीत. कोलकात्यात अशांना 'जमाखर्ची' कंपनी म्हणतात.

अशी प्रत्येक कंपनी गुन्हेगार नसते. एखाद्या प्रकल्पासाठी किंवा विलीनीकरणासाठी उद्योगसमूह रिकामी कंपनी काढतात, ते कायदेशीर आहे. खोट तिथे आहे, जिथे खरा मालक लपतो. खोट्या बिलांवर, दहा रुपयांच्या शेअरला भरमसाठ प्रीमियम लावून, पैसा एका कंपनीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत फिरतो आणि 'गुंतवणूक' बनून मूळ मालकाकडेच परततो. संचालक म्हणून सही मात्र ड्रायव्हरची किंवा शिपायाची.

2017 मध्ये सरकारनं दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नोंदणी रद्द केली आणि शेल कंपन्यांवर घाव घातल्याचा डांगोरा पिटला. निकष काय? सलग काही वर्षं व्यवसाय नाही, विवरणपत्रं नाहीत. म्हणजे वेळेवर फॉर्म भरणारी बनावट कंपनी सुटली! 2013 च्या कंपनी कायद्यात शेल कंपनीची व्याख्याच नाही.

आणि त्याच वर्षी राजकीय देणग्यांवरची, सरासरी नफ्याच्या 7.5 टक्क्यांची मर्यादा उठवली. तोट्यातली कंपनीही हवी तितकी देणगी देऊ शकली. कोणत्या पक्षाला दिली, हे हिशेबात सांगायची सक्ती गेली. फक्त देणग्यांसाठी शेल कंपन्या निघतील, असा लेखी इशारा निवडणूक आयोगानं तेव्हाच दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं ही दुरुस्ती रद्द केली ती 15 फेब्रुवारी 2024 रोजी. तोवर दार उघडंच होतं. एका हातानं झाडू, दुसऱ्या हातानं कचरा!

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकाच पत्त्यावरच्या शेकडो कंपन्या, तेच ते संचालक शोधणं ही साधी क्वेरी आहे. अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे. दहा टक्के वाटा असलेल्या खऱ्या मालकाची नोंद आपला कायदा मागतोच. ब्रिटननं 2016 पासून मालकांची नोंद सर्वांसाठी खुली केली. आपण का नाही? ही मागणी आपण करायला हवी.

आणि दोस्तांनो, 'फक्त एक सही दे, महिन्याला पैसे मिळतील' असं कुणी म्हणालं, तर आधार, पॅन खिशातच ठेवा. नफा त्याच्या घरी जाईल, नोटीस तुमच्या घरी येईल.