हौसेला मोल नसते, पण जागा लागते

मराठीत ‘गॅरेज’ म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो ग्रीसने माखलेला मेकॅनिक आणि टांगलेल्या टायरांचे दुकान. घरालगतची गाडी ठेवण्याची खोली, हा त्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे फारसा रुजलाच नाही, कारण ती खोलीच बहुतेकांकडे नव्हती. बंगलेवाल्यांची गोष्ट वेगळी. मुंबई, ठाणे, पुण्याच्या मध्यमवर्गीय माणसाचे गॅरेज म्हणजे स्टिल्टखालच्या दोन खांबांमधली जागा, पिवळ्या रंगाचा एक चौकोन आणि त्यात लिहिलेला फ्लॅटचा नंबर. रोजची गाडी ठेवायलाच तो चौकोन अपुरा पडतो. अशा ठिकाणी कोणी वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर हौसेने सांभाळायची म्हणतो, तेव्हा भांडण ठरलेलेच असते.

ही हौस खुळचटपणाची नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांनी दोन पिढ्यांना वाहून नेले. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण इतके पक्के होते, की ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा एक तरी गाडी जपून ठेवा, अशी मागणी झाली. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले होते. या गाड्या संस्थानिकांच्या रोल्स रॉइसइतक्या दिमाखदार नाहीत. त्यांना संग्रहालय मिळण्याची शक्यता कमी. त्या टिकल्या तर कोणाच्या तरी सोसायटीच्या आवारातच टिकतील. म्हणून जागेचा हा प्रश्न वाटतो तितका खासगी नाही.

पण सोसायटीच्या सेक्रेटरीची बाजूही ऐकली पाहिजे. चारही टायर बसलेली, प्लॅस्टिकच्या कव्हराखाली कुजणारी गाडी वर्षानुवर्षे एका कोपऱ्यात पडलेली असते. तिच्या बॉनेटखाली उंदरांचा संसार, कव्हरवर साचलेल्या पाण्यात डासांची पैदास. उद्या आगीचा बंब आत आणायचा म्हटले, तर ती हलवायची कोणी? शिवाय ती जागा मालकीची नाही. बिल्डरला स्टिल्टमधली वा मोकळी पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायचे असते. म्हणजे आजचा चौकोन पुढच्या वर्षी आपला असेलच असे नाही.

या भांडणात न्यायनिवाडा कशावर करायचा? गाडीच्या वयावर नाही, तिच्या किमतीवर नाही आणि मालकाच्या भावनांवर तर मुळीच नाही. कसोटी एकच असावी. सांगितल्यावर दहा-पंधरा मिनिटांत दोन माणसे ती गाडी जागेवरून हलवू शकतात का? हलत असेल तर ती हौस, हलत नसेल तर ती अडगळ. इंजिन बंद असले तरी चालेल, चाक फिरले पाहिजे.

ही कसोटी हौशी माणसाला जाचक वाटेल. प्रत्यक्षात ती त्याच्याच फायद्याची आहे. हिशेब करून पाहा. पार्किंगचा चौकोन साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब. पद्मिनी सुमारे ३.९ मीटर लांब आणि दीड मीटरला थोडी कमी रुंद. गाडी चालवत आत घेतली, तर दार उघडून उतरण्यासाठी उजवीकडे जागा सोडावी लागते आणि अंदाज चुकू नये म्हणून डावीकडेही. दोन्हीकडची ती अरुंद पट्टी कोणत्याच कामाची उरत नाही. तीच गाडी बाहेर उतरून, हाताने ढकलत डाव्या भिंतीला चिकटवली, तर उजवीकडे जवळजवळ एक मीटर मोकळा होतो. तेवढ्यात माणूस बसून पाना चालवू शकतो. ढकलता येणारी गाडी जागा वाढवते, ती अशी.

ढकलण्याचेही शास्त्र आहे. नऊशे किलोच्या आसपासची पद्मिनी सपाट फरशीवर दोघांना सहज सरकते, मात्र टायरांत पुरेशी हवा हवी. जोर बॉनेटवर किंवा मडगार्डच्या पत्र्यावर लावायचा नाही. तो दबतो. दाराच्या खांबाला रेटा द्यावा. आत एक माणूस ब्रेकवर पाय ठेवून बसलेला असावा. जुन्या साध्या ड्रम ब्रेकच्या गाडीत इंजिन बंद असतानाही ब्रेक लागतो. नव्या गाड्यांत मात्र इंजिन बंद झाल्यावर तो लवकरच दगडासारखा कडक होतो. चाकांखाली घालायच्या छोट्या ट्रॉल्या हल्ली मिळतात. त्यांवर गाडी आडवीही सरकते आणि खांबाआडच्या कोपऱ्यात बसते. पण त्या गुळगुळीत, सपाट फरशीसाठी आहेत. पेव्हर ब्लॉकच्या फटीत त्यांची चाके अडकतात. पाणी वाहून जावे म्हणून उतार दिलेल्या स्टिल्टमध्ये तर त्या धोक्याच्याच, कारण गाडीची चाके ट्रॉलीवर असताना हँडब्रेकचा काही उपयोग नसतो.

उभ्या गाडीचा खरा शत्रू आपला पावसाळा आहे. प्लॅस्टिकचे कव्हर पाणी अडवते आणि दमटपणा आत कोंडते. स्टिल्टखाली सुती कव्हर बरे. हँडब्रेक ओढून चार महिने गाडी ठेवली, तर ब्रेक शू ड्रमला चिकटतात. त्यापेक्षा चाकांना लाकडी ठोकळे लावून हँडब्रेक सोडून ठेवावा. बॅटरीची तार काढावी. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. म्हणून महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल तसेच ठेवणे शहाणपणाचे नाही. दर रविवारी पाच मिनिटे इंजिन नुसते सुरू ठेवण्याची पद्धतही चुकीची. तेवढ्यात सायलेन्सर तापत नाही आणि आत जमलेले पाणी तो आतूनच गंजवते. जमेल तेव्हा दहा-पंधरा किलोमीटरची फेरी मारावी. ते शक्य नसेल, तर पंधरवड्याला गाडी हातभर पुढेमागे करावी, म्हणजे टायर एकाच ठिकाणी चपटे होत नाहीत. थोडक्यात, गाडी सांभाळण्याचे बहुतेक उपाय तिला हलवण्याशीच येऊन थांबतात.

दुरुस्तीलाही हाच नियम लावावा. उत्साहाच्या भरात चारही चाके, स्टेअरिंग, इंजिन एकाच महिन्यात उतरवणारे पुष्कळ. मग एक पार्ट मिळत नाही, पैसे संपतात, मुलीचे लग्न निघते आणि सांगाडा दहा वर्षे तसाच राहतो. एका वेळी एकच भाग उघडावा आणि संध्याकाळी गाडी पुन्हा चाकांवर उभी असावी. ‘गावाबाहेर एखादा गाळा घेऊन ठेवू’ हा विचारही फसवा. पंचवीस किलोमीटरवरच्या प्रशस्त गाळ्यातल्या गाडीकडे माणूस वर्षातून दोनदा जातो, उंदीर रोज जातात. अरुंद का होईना, येता-जाता नजर पडेल अशी जागा बरी.

सरकारनेही थोडे पुढे यायला हवे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, हे चांगले झाले. पण खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. सोळाव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत गाडी ना नवी, ना वारसा. रामाचा वनवास चौदा वर्षांचा होता, हा पस्तीस वर्षांचा. १९८५ च्या पद्मिनीने तो काढायचा कुठे? वर्षातून मोजके दिवस रस्त्यावर येणाऱ्या, नीट राखलेल्या गाडीला मधली एखादी पायरी देता येईल. जपानमध्ये १९६२ पासून पार्किंगची जागा दाखवल्यावाचून गाडी घेता येत नाही. आपल्याकडेही २०२५ मध्ये तशा नियमाची चर्चा झाली. तो आला, तर पहिली कुऱ्हाड हौसेच्या गाडीवर पडेल. तेव्हा तिच्या बाजूने बोलायला गाडीमालकांपाशी काही हवे.

ते आजपासूनच कमावता येईल. प्रत्येक सोसायटीने साधा ठराव करावा. चालू कागदपत्रे, हवा भरलेली चार चाके, सेक्रेटरीकडे एक जादा किल्ली आणि वर्षातून एकदा सर्वांसमक्ष गाडी हलवून दाखवणे. एवढे करणाऱ्याच्या गाडीला कोणी ‘भंगार’ म्हणू नये. दुसऱ्या कोणाची मागणी नसेल, तर तिला वर्षभरापुरती जागाही द्यावी. आणि एवढेही ज्याला जमत नाही, त्याने ती गाडी जमणाऱ्याच्या हवाली करावी. वडिलांची आठवण गंजत ठेवण्यापेक्षा ती दुसऱ्याच्या हातून रस्त्यावर धावताना पाहणे केव्हाही चांगले.