जरा थांबवा की ते!

‘आई, तुझ्या पर्समध्ये असतं तरी काय काय गं?’ असं माझी मुलगी नेहमी विचारते. चष्मा, डोकेदुखीची गोळी, बचत गटाची पासबुकं, किल्ल्यांचा जुडगा... गेल्या वर्षभरात त्यात आणखी एका वस्तूची भर पडली आहे. खिशात मावेल एवढा प्रोजेक्टर! साबणाच्या दोन डब्या एकावर एक ठेवल्या तर दिसतील तेवढाच. त्यात पेनड्राइव्ह खुपसायचा, समोरच्या भिंतीवर उजेड पाडायचा, की व्हिडीओ सुरू.

‘अगं, हातातल्या मोबाईलवर सगळं दिसतं. हे खूळ आणखी कशाला?’ हा आमच्या ह्यांचा प्रश्न. तुमच्याही मनात आला असेलच. मला त्याचं उत्तर वस्तीत मिळालं.

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांच्या एका वस्तीत आम्ही चार मैत्रिणी काम करतो. बऱ्याच घरांतून घरात तेलुगू, बाहेर मराठी. बाळंतिणींसाठी स्तनपानाचा एक छान व्हिडीओ आम्हाला मिळाला होता. आम्ही तो हौसेनं सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवला. महिन्यानं चौकशी केली तर काय? ‘फोन यांच्याकडं असतोय, कामावर घेऊन जातात.’ एका लहानग्या सुनेनं मात्र तो पाहिला होता, समजलाही होता. पण ती म्हणाली, ‘मला कळून काय उपयोग ताई? घरात अत्तम्मा म्हणतील तेच.’ अत्तम्मा म्हणजे सासूबाई. मला एकदम चपराक बसल्यासारखं झालं. जिला निर्णय घेता येत नाही, तिच्याच हातात आम्ही माहिती देत होतो!

मग आम्ही चौघींनी वर्गणी काढून हा प्रोजेक्टर घेतला. संध्याकाळी, कारखान्यात विड्या देऊन बायका परतल्यावर, एका घरात पांढरी चादर टांगली. सुना आल्या, सासवा आल्या, नातवंडं तर आलीच. व्हिडीओत सांगितलं, बाळ जन्मल्यावर तासाभरात त्याला छातीशी घ्या, पहिलं घट्ट पिवळं चिकाचं दूध टाकून देऊ नका, मध चाटवू नका. माना डोलल्या. पुढं आलं, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. तशी मागून एक सासूबाई कडाडल्या, ‘जरा थांबवा की ते! त्या बाईनं सोलापूरचा उन्हाळा बघितलाय काय?’

सगळ्या खो खो हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एप्रिल-मेमध्ये आपल्याच घशाला कोरड पडते, तिथे तान्ह्या जिवाला पाणी नको म्हणणं कुणाला पटेल? आम्ही व्हिडीओ थांबवला. वस्तीतल्या आशाताई उठल्या. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजायचं आणि पाणी आईनं भरपूर प्यायचं, हे त्यांनी सांगितलं. वरच्या पाण्यानं बाळाला हगवण लागू शकते आणि पोट पाण्यानं भरलं की दूध कमी पितं, हेही समजावलं. तेलुगूत पुन्हा एकदा सांगितलं. सहा मिनिटांचा व्हिडीओ, तास कसा गेला कळलं नाही.

मोबाईलवर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. सून गप्प राहिली असती, सासूनं वाटी-चमच्यानं पाणी पाजलं असतं आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर ठरल्या असत्या. माझं म्हणणं एवढंच आहे. या यंत्राची खरी किंमत चित्र मोठं दिसण्यात नाही, चार जणींनी एकत्र बसून मध्येच ‘थांबवा’ म्हणण्यात आहे.

यात नवल नाही म्हणा. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले, तेव्हाही काचेवरची रंगीत चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर पडत आणि सोबत गोष्ट सांगितली जाई. आजच्या काळातला दाखला ‘डिजिटल ग्रीन’चा. २००६ साली बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये प्रकल्प म्हणून सुरू झालेलं हे काम २००८ मध्ये स्वतंत्र संस्था झालं. बिहार, ओडिशासारख्या राज्यांत त्यांनी बॅटरीवरचे छोटे प्रोजेक्टर बचत गटांपर्यंत नेले. व्हिडीओत गावातलेच शेतकरी. आणि दाखवणारी व्यक्ती मध्येच थांबवून प्रश्न विचारते, चर्चा घडवते.

आता थोडं व्यवहाराचं. आमची पहिली खरेदी फसली, बरं का! खोक्यावर हजारो लुमेन लिहिलेले, भिंतीवर मात्र भुतासारखी पुसट चित्रं. घेताना ‘ॲन्सी लुमेन’ किती ते विचारा. ‘फोर-के चालतं’ म्हणजे चित्र फोर-के दिसतं असं नव्हे. प्रोजेक्टर दुप्पट लांब नेला की चित्र चौपट जागा व्यापतं, पण उजेड एक चतुर्थांश होतो. दूध तेवढंच आणि पाणी वाढवत जायचं, तसं. म्हणून खोली अंधारी हवी आणि चादर जवळ. आवाज बारीक असतो, वेगळा स्पीकर न्या. बॅटरी दीड-दोन तास पुरली तरी खूप. व्हिडीओ घरूनच पेनड्राइव्हवर घेऊन जा, तिथे रेंजची खात्री नाही.

एकटीला एवढा खर्च जमणार नाही, हे मला कळतं. पण भिशीच्या, भजनी मंडळाच्या, बचत गटाच्या चार-पाच जणींना मिळून सहज जमेल. फक्त एक करा. व्हिडीओ लावून पदर खोचून स्वयंपाकघरात निघून जाऊ नका. शेजारी बसा आणि कुणी ‘थांबवा’ म्हटलं की लगेच थांबवा.

परवा वस्तीत गेले, तर त्याच सासूबाई उंबऱ्यात पानं कातरत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘ताई, आणलाय काय तुमचा सिनेमा? आज चादर मीच धुवून ठेवलीया.’