बस रिव्हर्स येतेय!

हॉस्टेलमागच्या बस पार्किंगमध्ये संध्याकाळी आम्ही चार-पाच जण स्केटिंग करतो. ट्रॅफिक नाही, सिग्नल नाही, गुळगुळीत काँक्रीट. पनवेलच्या खड्ड्यांपेक्षा लाख पटीने बरं! परवा मात्र रिव्हर्स येणारी बस माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. क्लीनरने पत्र्यावर जोरात थाप मारली, म्हणून ड्रायव्हरकाका थांबले आणि मीही बाजूला झालो.

मित्रांनो, चूक कोणाची? ताशी १५ किमी वेगाने आपण सेकंदाला ४ मीटर पुढे जातो. भान येऊन थांबायला सेकंद तर लागतोच! आणि बसच्या थेट मागचं ड्रायव्हरला आरशात दिसतच नाही. अमेरिकेत तर दवाखान्यांच्या नोंदीसाठी 'रोलर स्केटवाला आणि ट्रक किंवा बस, सार्वजनिक रस्त्याबाहेर' अशा अपघाताचा वेगळा कोडच आहे: व्ही०४.०१. "कॅम्पसमध्ये काय होणार?" म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे.

म्हणून स्केटिंग बंद करा, असं मी मुळीच म्हणत नाही. बंदी घातली तर पोरं कळंबोलीच्या ट्रकांमध्ये जातील! रेक्टर सरांना विनंती एवढीच, की संध्याकाळी तासभर बास्केटबॉल कोर्ट द्यावं आणि क्लीनर मागे उभा असल्याशिवाय बस रिव्हर्स घेऊ नये.

आणि आपण? कानातले इअरफोन काढूया. त्या दिवशी माझे रूमवर राहिले होते, म्हणून थाप ऐकू आली.