सूचक आणि अनुमोदक

बारामतीचे नाव निघताच ज्यांच्या डोळ्यांपुढे नीरा डाव्या कालव्याकाठचा ऊस उभा राहतो, त्यांनी एकदा त्याच तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातील लोणी भापकर गावी जाऊन मल्लिकार्जुन मंदिराच्या परिसरातील दगडी पुष्करिणीच्या पायऱ्या उतरून पाहाव्यात. पाणी जसजसे आटेल तसतसे माणसानेही एकेक पायरी खाली उतरावे, अशी ती बांधणी. टंचाई गृहीत धरणारी, आणि म्हणूनच आमच्या कित्येक नळयोजनांहून अधिक व्यवहारी.

हे सांगण्याचे प्रयोजन असे की, असले शहाणपण बाजारात विकत मिळत नाही. जिल्हा वार्षिक योजनेत हल्ली ‘नावीन्यपूर्ण योजना’ असे सदर असते. परंतु जे नवे ते विकतच मिळणार, हा समज पंचायत समितीपासून मंत्रालयापर्यंत इतका रुजला आहे की, सौरदिवे, संगणक, कॅमेरे आणि कचेरीच्या दारावरची ‘आयएसओ’ची पाटी यांपलीकडे नावीन्याची धाव सहसा जात नाही. पाटीला आमची हरकत नाही. खिळा भिंतीत नीट बसला म्हणजे झाले.

वास्तविक नावीन्याचा याहून सकस दाखला शेजारच्या पुरंदर तालुक्यातच आहे. 1972 च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे यांनी नायगावी देवस्थानाची उजाड जमीन घेऊन पाणी अडवले, ते काम मोठेच. पण त्यांची प्रतिभा प्रकटली ती त्यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीच्या नियमांत. पाणी द्यायचे ते जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, घरातील माणसांवर, माणशी अर्ध्या एकरापुरते, भूमिहीनालाही हिस्सा, खर्चाचा पाचवा भाग लाभधारकांचा, आणि ऊस वर्ज्य. यांतील एकाही कलमासाठी निविदा काढावी लागत नाही. पुढे हिवरे बाजारनेही शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी करून आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून हीच वाट धरली.

73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून ग्रामसभेस घटनात्मक प्रतिष्ठा लाभली, वित्त आयोगाचा निधीही थेट गावाच्या खात्यावर येऊ लागला. तरी पाणी म्हटले की अंदाजपत्रकात टाकी आणि नळच येतात, कारण वाटपाचा नियम मोजमाप पुस्तिकेत चढवता येत नाही. जनाई-शिरसाई आणि पुरंदर उपसा योजनांच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या या पट्ट्यात, माळेगाव आणि सोमेश्वर या साखर कारखान्यांच्या तालुक्यात, ‘उपशाच्या पाण्यावर ऊस लावणार नाही’ असा ठराव उद्या एखाद्या सरपंचाने ग्रामसभेपुढे ठेवलाच, तर त्यास अनुमोदक मिळतो की नाही, हे पाहण्याची आम्हांस उत्सुकता आहे.