अमान अली आपले कोण?

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. ती बारावीला आहे, गाणं शिकते, गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका परीक्षा पास झाली आहे. मोहल्ल्यात तिला सांगतात, "हे आपल्यात चालत नाही." क्लासमधली एक मैत्रीण सहज विचारते, "तुमच्यात हे कसं काय?" बोलणारी माणसं दोन टोकांची आहेत, पण म्हणणं एकच: हे गाणं तुझं नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर असे प्रश्न मी बऱ्याच तरुणांकडून ऐकतो. त्यावर मोठी तात्त्विक चर्चा करता येईल. त्याऐवजी मला एका माणसाबद्दल सांगायचं आहे. त्याचं नाव आपल्या घरांत जवळजवळ कुणी घेत नाही, पण तो ज्या वस्तीच्या नावानं ओळखला गेला ती वस्ती आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. उस्ताद अमान अली खाँ भेंडीबाजारवाले. गवई, बंदिशकार आणि गुरू.

आधी भेंडीबाजाराबद्दल. आपल्या पणजोबांच्या काळात मुंबईचा रस्ता समुद्रातून जायचा. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, रेवदंडा इथले पुरुष बोटीनं मुंबई गाठत. कुणी जहाजावर खलाशी, कुणी गोदीत, कुणी दुकानात. राहणं डोंगरी, नळबाजार, भेंडीबाजार या पट्ट्यात, बहुतेकदा गावच्या जमातीच्या खोलीत. 'भेंडीबाजार' हा इंग्रजांच्या 'बिहाइंड द बाजार'चा अपभ्रंश, अशी कथा सगळे सांगतात. जुन्या नोंदी मात्र तिथल्या भेंडीच्या झाडांकडे बोट दाखवतात. आपल्या वाड्यांच्या कुंपणाला असतं तेच हे झाड.

त्याच वस्तीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर प्रदेशातल्या बिजनौरकडचे तीन भाऊ येऊन राहिले: छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ. तेही पोटासाठी आले होते, आपल्या माणसांसारखेच. त्यांच्या गाण्याला लोक वस्तीच्या नावानं ओळखू लागले. ग्वाल्हेर, जयपूर, पतियाळा, रामपूर ही घराण्यांची नावं संस्थानांची, राजदरबारांची. भेंडीबाजार घराण्याचं नाव मात्र मुंबईतल्या कष्टकरी आणि व्यापारी मुसलमानांच्या बाजाराचं. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं.

छज्जू खाँचे पुत्र अमान अली. जन्म १८८८चा. घराण्याची विद्या त्यांना वडिलांकडून मिळाली. या विद्येचा कणा म्हणजे खंडमेरू, ज्याला मेरुखंडही म्हणतात. ते समजायला सोपं आहे. सा रे ग म हे चारच स्वर घ्या. प्रत्येक स्वर एकदाच वापरायचा, फक्त क्रम बदलत जायचं. २४ रचना होतात. पाच स्वर घेतले तर १२०, सहा घेतले तर ७२० आणि सातही घेतले तर ५०४०. शिष्यानं त्या गळ्यावर चढवायच्या. त्यांतल्या कोणत्या रचना कोणत्या रागात शोभतात आणि कोणत्या रागाचं रूप बिघडवतात, हे ओळखणं हे पुढचं शिक्षण. म्हणजे आधी गणित, मग रियाज आणि शेवटी सौंदर्यदृष्टी.

हे गणित लिहून ठेवलेलं आहे तेराव्या शतकातल्या 'संगीतरत्नाकर' या संस्कृत ग्रंथात. तो लिहिणारे शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादवांच्या दरबारी होते. देवगिरी म्हणजे आपलं दौलताबाद. महाराष्ट्रात संस्कृतात लिहिलेली एक विद्या सहाशेहून अधिक वर्षांनी बिजनौरच्या एका मुस्लीम कुटुंबानं महाराष्ट्रातच, भेंडीबाजारात, रोजच्या रियाजात जिवंत ठेवली. ही विद्या हिंदूंची की मुसलमानांची, असा प्रश्न विचारणाऱ्याला मी एवढंच सांगेन की ती ज्यांनी घोटली त्यांची आहे.

अमान अलींनी त्या विद्येत स्वतःची भर घातली. त्यांनी कर्नाटक संगीत मनापासून अभ्यासलं. हंसध्वनी हा राग रामस्वामी दीक्षितर या तमिळ विद्वानानं अठराव्या शतकात घडवला, असं मानतात. सा, रे, ग, प, नी असे पाचच स्वर, मध्यम आणि धैवत नाहीत. उत्तरेतल्या मैफिलीत हा राग आज सर्रास ऐकू येतो. तो इथे रुजवणाऱ्यांत अमान अलींचं नाव आघाडीवर आहे. हंसध्वनीतली त्यांची बंदिश पुढे उस्ताद अमीर खाँ यांनी गायली आणि ती देशभर पोचली. अमीर खाँचे वडील सारंगीनवाज शहामीर खाँ हेही भेंडीबाजारवाल्यांकडे शिकलेले. त्यामुळे अमीर खाँच्या गाण्यात मेरुखंड ऐकू येतो तेव्हा त्याचं एक टोक या वस्तीत आहे.

१९५६च्या 'परिवार' चित्रपटात सलील चौधरींनी हंसध्वनीत एक द्वंद्वगीत बांधलं. गाणारे होते लता मंगेशकर आणि मन्ना डे. दोघांनीही अमान अलींकडे धडे घेतले होते. हे गाणं तुमच्या फोनवर मिनिटभरात सापडेल. रागाचा जन्म तमिळ प्रांतातला, संगीतकार आणि गायक बंगाली, गायिका मराठी आणि या सगळ्यांना जोडणारा दुवा भेंडीबाजारातला एक नमाजी मोहल्ला.

अमान अली 'अमर' या नावानं बंदिशी बांधत. मध्यलयीत चालणारी चीज, शब्दांची स्वच्छ फेक आणि सरगमची नाजूक कारागिरी ही त्यांची ओळख. नाव कमावण्यासाठी मैफिलींमागे धावण्यापेक्षा त्यांनी शिकवण्यात आयुष्य घातलं. शिवकुमार शुक्ल, रमेश नाडकर्णी, त्र्यंबकराव जानोरीकर हे त्यांच्या शिष्यांपैकी. त्यांचे काका नझीर खाँ यांच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर. त्यांना १९५८मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला आणि त्यांच्याकडे पुढे कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकरही शिकले. आडनावं पुन्हा वाचा. शिष्याची जात किंवा धर्म पाहून शिकवलं असतं तर ही यादी झालीच नसती.

१९५३मध्ये अमान अली गेले. मागे राहिलेली ध्वनिमुद्रणं मोजकीच आहेत. त्यांचं गाणं उरलं ते शिष्यांच्या गळ्यात आणि वह्यांत. त्या शिष्यांनी ते जपलं, त्यांचे आभार मानायला हवेत. पण मग आपण काय जपलं? भेंडीबाजारात आज जुन्या चाळी पाडून मनोरे उभे राहताहेत. तिथल्या जमातीच्या खोल्यांचा हिशेब आपल्या गावांत चोख ठेवला जातो. त्या वस्तीनं देशाला एक घराणं दिलं, याची नोंद मात्र आपल्याकडे नाही.

आता मोहल्ल्यातल्या आक्षेपाकडे येतो. मी आलिम नाही आणि फतवा द्यायचा माझा अधिकार नाही. पण या विषयावर आपल्या परंपरेत एकच मत आहे, असं जे सांगितलं जातं ते इतिहासाला धरून नाही. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर सविस्तर लिहिलं आणि काय ऐकता, कशासाठी ऐकता, कुणाच्या संगतीत ऐकता यावर निवाडा ठेवला. खुलताबादला विसावलेले हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब समाअचे मोठे चाहते होते. शार्ङ्गदेवांच्या देवगिरीपासून ते हाकेच्या अंतरावर, काळानं शंभरएक वर्षं पुढे. विरोध करणारेही आपल्याच परंपरेतले आहेत, त्यांचा आदर ठेवावा. मात्र मतभेद आहे हे लपवून मुलांना घाबरवू नये.

आपल्या किनाऱ्याचाही एक दाखला आहे. जंजिऱ्याच्या नवाबांची मेहुणी अतिया फैजी मुरूडच्या राजवाड्यात बराच काळ राहिली. १९१४मध्ये तिनं लंडनहून हिंदुस्थानी रागसंगीतावर इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केलं. एका मुस्लीम बाईनं शंभर वर्षांपूर्वी रागांवर पुस्तक लिहिलं. आज त्याच किनाऱ्यावरच्या मुलीला पेटी कपाटात ठेवायला सांगितलं जात असेल, तर आपण पुढे आलो की मागे गेलो?

दुसऱ्या टोकाच्या आक्षेपाला उत्तर देणं त्याहून सोपं आहे. ख्यालाची भाषा ब्रज, तिच्यात कान्हा आणि सखी येणारच. मुसलमान गवयांनी पिढ्यान् पिढ्या ते शब्द आदबीनं गायले आणि स्वतः रचलेही. या वारशात तुम्ही पाहुणे नाही. त्यामुळे "तुमच्यात हे कसं काय?" या प्रश्नावर चिडायचं कारण नाही. अमान अलींचं नाव सांगावं आणि शांतपणे गायला बसावं.

फक्त अभिमानानं मात्र काही होत नाही. "संगीत आमच्याच उस्तादांनी वाढवलं," असं व्हॉट्सॲपवर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या किती जणांच्या घरी पोरं सुरात सा लावतात? अमान अलींच्या घराण्यात मोठेपण जन्मानं मिळत नव्हतं, १२० रचना घोटून मिळत होतं. नुसता हक्क सांगून वारसा टिकत नाही. तो शिकावा लागतो.

म्हणून आमच्या संघटनेच्या रायगडमधल्या मित्रांपुढे आणि जमातींच्या कारभाऱ्यांपुढे मी तीन साधी कामं ठेवतो. पहिलं, जमातीच्या शिष्यवृत्तीत डॉक्टर-इंजिनिअरच्या जोडीनं गाणं-वाजवणं शिकणाऱ्या मुलामुलींचाही विचार व्हावा. परीक्षेची फी, पेटी, तबला यांचा खर्च फार मोठा नसतो. दुसरं, आपल्या उर्दू आणि मराठी शाळांपैकी एखाद्या शाळेचा वर्ग आठवड्यातून एक संध्याकाळ गाण्यासाठी उघडा राहावा. शिकवणारा कोणत्याही धर्माचा असो. तिसरं, लग्नात आपल्या आज्या आणि खाला जी कोकणी गाणी म्हणतात ती फोनवर रेकॉर्ड करून गाणारीच्या परवानगीनं जपून ठेवावीत. त्या गेल्या की ती गाणीही जातील. अमान अलींचा आवाज आपल्या हातून निसटला, हा आवाज अजून निसटलेला नाही.

ज्या गावात यांतलं एक तरी काम सुरू होईल, तिथल्या मुलांनी आम्हाला कळवावं. पुढच्या अंकात जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे.