‘हो’ म्हटल्यावर जायचं कुठे?

आशाताई फॉर्म भरायला घरी येतात. बीपी, शुगर, तंबाखू विचारून झालं की साठीवरच्या माणसांसाठी वेगळे प्रश्न असतात. त्यातला एक असा: जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? आमच्या सासूबाईंच्या फॉर्मवर ‘हो’ची खूण आहे. सरकारला हा प्रश्न सुचला याचं मला कौतुकच आहे. पण खूण झाल्यावर घाटंजी तालुक्यातल्या बाईने जायचं कुठे?

फॉर्मच्या हिशेबाने जवळच्या आरोग्य केंद्रात. आम्हाला तिथून यवतमाळची चिठ्ठी मिळाली. म्हणजे दोघांची मजुरी बुडवायची आणि चालत्या एसटीतून उतरू पाहणाऱ्या म्हातारीला धरून बसायचं.

रात्री सासूबाई उठतात, गादीची शिवण उसवतात आणि आतला कापूस चिमटीने काढून ओटीत भरतात. जन्मभर वेचणी केलेले हात ते. बोंडातून काढावा तसाच काढतात, कचरा बाजूला टाकतात. मी अडवलं की मला शेतमालकीण समजून विचारतात, “किती किलो भरला?” माझं नाव पुसलं गेलं, किलोचा हिशेब शाबूत आहे.

लोक म्हणतात, साठी बुद्धी नाठी. असं म्हटलं की तपासणीचा विषयच संपतो. थायरॉईड बिघडलं, बी-१२ घटलं तरी माणूस विसरू लागतो, आणि त्याला इलाज आहे. डिमेन्शिया बरा होत नाही हे खरं. पण तो आहे की दुसरं काही, हे तरी कळायला हवं ना? २०२३ साली आलेल्या लासी-डॅड या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे की साठीवरच्या १०० जणांत सातांहून जास्त लोकांना डिमेन्शिया आहे. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. मेंदूचे डॉक्टर मात्र शहरात.

आपल्या जिल्ह्याला हे काम नवं नाही. २०१५ पासून प्रेरणा प्रकल्पात आशाताईंनी शेतकऱ्यांच्या दारात जाऊन त्यांच्या मनाची विचारपूस केली. तसंच इथे करा. ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक वार ठरवा. रक्ततपासणी तिथेच, औषध तिथेच. आशाताईंच्या गळ्यात आणखी एक फुकटचं काम मारायचं असेल तर मात्र नको.

आणि म्हातारीजवळ बसणारं माणूस? श्रावणबाळचे १,५०० रुपये येतात, पण घरी थांबलेल्या सुनेची बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत नाही. बचत गटातल्या एखाद्या बाईला मानधन देऊन दुपारपुरतं बसवता येईल. दसरा-दिवाळीत वेचणी लागेल. तोवर निदान वार तरी ठरवा.