पामवेडे

पामवेड्यांची टोळी बागेत शिरली की गुलाब, ऑर्किड त्यांना दिसतच नाहीत. फ्लोरिडातल्या मायामीजवळचं, १९३८ साली लोकांसाठी खुलं झालेलं फेअरचाइल्ड उद्यान ही त्यांची पंढरी. पाम म्हणजे आपल्या माड-पोफळीचंच गोत. जगभरात अडीच हजारांवर जाती. या झाडांच्या अभ्यासकांसाठी आणि हौशी लोकांसाठी डेंट स्मिथ यांनी १९५६ मध्ये फ्लोरिडातच संस्था काढली. आज ती आंतरराष्ट्रीय झाली आहे. ही मंडळी बुंध्यावरची वळी न्याहाळतात, गळलेली झावळी उलटीपालटी करतात आणि झाडाच्या नावावरून तावातावाने भांडतात. हे वेड उगाच नाही. बहुतेक पामांच्या खोडाला वाढीचा एकच कोंब असतो. तो गेला की ते खोड संपलं. तालीपॉट पाम तर कित्येक दशकं थांबून एकदाच फुलतो आणि फळं पिकली की मरतो. लावणाऱ्याला तो मोहर पाहायला मिळेलच असं नाही. तरी ही माणसं बी रुजवतात. आपल्याकडचा भेरली माडही फुलून-फळून झाला की वाळतो. कोकणात जाल तेव्हा नारळ-सुपारीचा भाव विचारून झाला, की मान वर करून त्यालाही एकदा बघा.